शेजार असला म्हणजे गांवकी होत नाहीं
(कोल्हापुरांतील एका पेठेंत झालेलें भाषण)



आपल्या शहरांत घरें वाढलीं, माणसें वाढलीं. पण एकाच जिन्यानें चढणाऱ्यांस एकमेकांचें नांव ठाऊक नाहीं. शाहूपुरी १८९५ सालीं व्यापारासाठीं वसविली, शाहू मिल १९०६ सालीं निघाली. मिलच्या भोंग्यावर कामगारांचीं घरें एका वेळीं उठत. आज मिल बंद आहे आणि ज्याचें त्याचें घड्याळ निराळें आहे. मग गांव एक राहावें कशानें? जातीनें, असें कोणी म्हणतील. आम्ही म्हणतों, साफ खोटें! जातीनें टोळी जमते, गांव जमत नाहीं.

गंगाराम कांबळे यांची हकीकत आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकली आहे. पागेंतील या नोकरानें पाण्याचा हौद बाटविला म्हणून त्यास गुरासारखें मारलें. शाहू महाराजांनीं मारणारांस शासन केलें व गंगारामास चहाचें दुकान काढण्यास मदत केली. तेवढ्यावर ते थांबते, तर ती नुसती दया झाली असती. पण महाराज स्वतः त्या दुकानचा चहा घेत आणि बरोबरच्या बड्या मंडळींसही घ्यावयास लावीत. १९१९ सालीं सार्वजनिक विहिरी, शाळा, धर्मशाळा येथें शिवाशीव पाळूं नये, असा हुकूमही त्यांनीं काढला. हुकूम लागला आणि चहाही लागला, हें ध्यानांत धरा.

आतां आमच्या तालमी पहा. कुस्ती, फुटबॉल, गणपति, मोहरम, सारें तेथेंच. २०१८ पासून तीन वर्षें गणपति व मोहरम एकत्र आले, तेव्हां बाबूजमाल तालमींत गणपति आणि पंजा एकाच छपराखालीं बसले. २०१९ च्या ऑगस्टांत आणि पुन्हां २०२१ च्या जुलईंत पंचगंगा घरांत शिरली. तेव्हां पेठापेठांतून चुली पेटल्या. भाकरी देतांना आम्हीं कोणास आडनांव विचारलें नाहीं.

पण बंधूंनो, पाणी ओसरलें आणि खोली भाड्यानें देतांना तेंच आडनांव आम्ही पुन्हां विचारूं लागलों! ज्यास पुरांत पंगतीला बसविलें, त्यासच उन्हाळ्यांत दारांतून परत लाविलें. हा दोष दुसऱ्या कोणाचा नव्हे, आमचाच. आणि बायाबापड्यांचें काय? भाकरी त्यांनीं थापल्या. पण तालमीच्या बैठकींत त्यांना कोणी बोलाविलें नाहीं.

तेव्हां ठराव नकोत, तीन गोष्टी करूं. खोली देतांना भाडें व वागणूक पाहूं, जात विचारणार नाहीं. नव्या बिऱ्हाडाकडून नुसती वर्गणी न नेतां त्यास कामांत घेऊं. वर्गणीचा हिशेब बायामाणसांसह साऱ्या पेठेपुढें मोठ्यानें वाचूं. ज्या पैशाचा हिशेब सर्वांनीं ऐकला, तो पैसा सर्वांचा होतो. आणि ज्या कामांत सर्वांचे हात लागले, तें काम मोडूं देण्यास कोणी धजत नाहीं.

पूर पुन्हां येईल. त्याची वाट पाहून माणुसकी करावयाची नसते. आजच आरंभ करूं या!