हिरवळीतला लव्हाळा



पावसाळ्यात अंगणातली हरळी छान पसरते.
तिच्यात लव्हाळाही डोकं वर काढतो.
ओळखायचा कसा?
देठ बोटांत फिरवून पाहा.
तीन कडा लागल्या, की तो लव्हाळा.

तो नुसता उपटू नका.
पान हातात येतं, गाठ मातीत राहते.
त्याच गाठीतून तो पुन्हा फुटतो.
म्हणून माती ओली असताना खुरपं खोल घाला.
गाठीसकट काढा.
पुन्हा सांगते, गाठीसकट!
वास छान येतो त्या गाठींना,
पण कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका बरं का.

ग्लायफोसेट हे तणनाशक फवारायचा मोह टाळा.
ते हरळीलाही मारतं.

आणि हिरवळ अगदी बुडापासून कापू नका.
लव्हाळ्याला ऊन लागतं.
दाट हरळीच्या सावलीत तो जोर धरत नाही.