हुकूम आणि कृती यांच्या मधली जागा



१९१५च्या जूनमध्ये ऑक्सफर्डच्या एक्झिटर कॉलेजातला एक विद्यार्थी इंग्रजीच्या अंतिम परीक्षेत पहिल्या वर्गात आला आणि पुढच्याच महिन्यात लँकेशायर फ्युजिलिअर्स या पलटणीत सेकंड लेफ्टनंट झाला. वर्षभरात तो फ्रान्समध्ये, सोमच्या रणधुमाळीत होता. त्याच्याकडे संदेशवहनाचं काम होतं. वरून आलेले हुकूम खंदकांपर्यंत पोचतात कसे आणि पोचल्यावर त्यांचं काय होतं, हे त्याने जवळून पाहिलं. त्याचा जिवलग मित्र रॉब गिल्सन १ जुलै १९१६ रोजी पडला. दुसरा मित्र, कवी जेफ्री स्मिथ, त्याच डिसेंबरात जखमांनी गेला. तो स्वतः खंदकज्वराने आजारी पडून मायदेशी परतला, म्हणून वाचला. हे जे. आर. आर. टॉल्किन. त्यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीतल्या एका सेनाधिकाऱ्याबद्दल मला आज बोलायचं आहे.

त्याचं नाव फारामिर. गोंडोरच्या राज्यात शतकानुशतकं राजा नाही. कारभार पाहणारं एक घराणं पिढ्यान्‌पिढ्या राजाच्या नावाने राज्य सांभाळतंय. आजचा कारभारी डेनेथॉर, त्याचा थोरला मुलगा बोरोमीर आणि धाकटा फारामिर. थोरला बापाचा लाडका, रणांगणावर शोभणारा. धाकटाही उत्तम लढवय्या, पण त्याला जुन्या पोथ्यांची आणि गँडाल्फ या जादूगाराच्या सहवासाची ओढ, आणि बापाला तेच खुपतं. १९४४च्या मे महिन्यात टॉल्किननी आपल्या मुलाला, ख्रिस्तोफरला, एक पत्र लिहिलं. तो तेव्हा दक्षिण आफ्रिकेत वैमानिकाचं प्रशिक्षण घेत होता. फारामिर या पात्राची काहीच योजना नव्हती, ते इथिलियनच्या रानातून आपल्या पायांनी चालत कथेत आलं, असं त्यांनी त्या पत्रात मुलाला कळवलं.

त्या रानात फारामिरच्या तुकडीला फ्रोडो आणि सॅम हे दोन लहानखुरे प्रवासी सापडतात. परवान्याशिवाय तिथे वावरणाऱ्याला ठार करावं, असा सक्त हुकूम आहे. युद्ध दारात आहे, वेळ नाही. तरीही फारामिर थांबतो आणि विचारपूस करतो. बोलता बोलता त्याच्या लक्षात येतं की सगळं जग जिच्यासाठी पेटलंय ती अंगठी फ्रोडोकडे आहे. त्याच अंगठीच्या मोहाने थोरल्या भावाचा, बोरोमीरचा, घात झालाय. फारामिर तिला हात लावत नाही. पुढे धबधब्यामागच्या गुप्त ठाण्याखालच्या डोहात अंगठीने झपाटलेला गॉलम दिसतो. तिथे येणाऱ्याला मृत्यूचीच शिक्षा, आणि धनुर्धारी नेम धरून उभे. फ्रोडो रदबदली करतो आणि फारामिर बाण सोडू देत नाही.

पीटर जॅक्सन यांच्या २००२च्या चित्रपटात हा फारामिर बदलला आहे. तिथे तो आधी अंगठी बापाकडे न्यायला निघतो आणि मग भानावर येतो. पडद्यावर ते नाट्यमय दिसतं, पण मला कादंबरीतला फारामिर अधिक खरा वाटतो. मोहाला बळी न पडणारी माणसं असतात, आणि त्यांच्यावर लिहिणं अवघड असतं.

आज स्नातक झालेल्या मित्रमैत्रिणींनो, तुमच्यातले काही जण उद्या तहसील कार्यालयात बसतील, काही बँकेत कर्जाचे अर्ज तपासतील, काही दवाखान्यात, काही शाळेत. समोर नियम असेल, मागे वरिष्ठ असतील आणि दारात अडचणीत आलेला एक माणूस असेल. नियम वाचणं आणि तो त्या माणसाला लावणं, यांच्या मध्ये थोडी जागा असते. तिथे प्रश्न विचारता येतो. फारामिरने तो विचारला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे राजधानी मिनास तिरिथला परतल्यावर त्याने केलेलं सगळं बापासमोर उघड सांगितलं, एक अक्षर न लपवता. नियम वाकवून गप्प बसणं सोपं असतं. त्याने तो निर्णय स्वतःच्या नावावर घेतला आणि त्याची किंमत मोजली. बोरोमीरच्या जागी तू मेला असतास तर बरं झालं असतं, हे बापाच्या तोंडून ऐकूनही तो ऑस्गिलिअथच्या हरत्या लढाईवर गेला आणि जबर जखमी होऊन परतला.

पण एक गोष्ट मला फार वर्षं बोचत आली आहे. फारामिरला थांबता आलं, कारण तो कारभाऱ्याचा मुलगा होता. त्याच्या हाताखालच्या शिपायाने असं केलं असतं तर? कादंबरीत या प्रश्नालाही उत्तर आहे, आणि ते बेरेगाँडच्या रूपाने येतं. हा गडावरचा साधा पहारेकरी. दुःखाने भ्रमिष्ट झालेला डेनेथॉर जखमी पण जिवंत फारामिरला स्वतःसोबत चितेवर जाळायला निघतो, तेव्हा बेरेगाँड परवानगीशिवाय आपली जागा सोडतो आणि दारावर उभा राहून त्याला वाचवतो. त्यात त्याच्या हातून आपल्याच बाजूच्या माणसांचं रक्त सांडतं. त्याच्यामागे घराणं नाही, नाव नाही. कायद्याने त्याला मृत्युदंड.

ज्यांच्या शब्दाला वजन असतं त्यांना थांबायला वेळ मिळतो, इतरांना तो क्वचितच मिळतो. आजपासून तुमच्या शब्दाला थोडं वजन येणार आहे. तुमच्यापैकी किती तरी जण घरातले पहिले पदवीधर असतील. आईवडिलांना सरकारी खिडकीसमोर ताटकळताना तुम्ही पाहिलं असेल. त्या खिडकीच्या आत बसाल तेव्हा बाहेरच्या माणसासाठी तो प्रश्न विचारा, आणि हाताखालच्या माणसाने विचारला तर त्याच्या पाठीशी उभे राहा.

युद्ध संपल्यावर राजघराण्याचा वारस आरागॉर्न राजा म्हणून येतो. फारामिर कारभाऱ्याची पांढरी छडी त्याच्या हाती देऊन सत्ता सोडतो, आणि राजा ती त्यालाच परत देतो. मग बेरेगाँड न्यायासाठी उभा राहतो. राजा त्याला जीवदान देतो, पण गडाचा पहारा सोडून त्याने नगराबाहेर जावं, असा निवाडा करतो. बेरेगाँडचा चेहरा पांढरा पडतो. जायचं असतं ते इथिलियनला, तिथला अधिपती झालेल्या फारामिरच्या रक्षकदलाचा नायक म्हणून. गुन्हा पुसला जात नाही आणि माणूसही वाया जात नाही. असा निवाडा करता येण्याइतकं शहाणपण तुमच्या कारकिर्दीत तुम्हाला लाभो.