एका किलोमीटरचे पाच हजार

(१९९६ च्या दहावीच्या तुकडीतर्फे स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



आयोजकांनी मला विषय दिला होता 'धावणं आणि आरोग्य'. आरोग्यावर बोलायला आपल्या तुकडीत डॉक्टर आहेत, त्यांच्या पोटावर पाय कशाला द्यायचा? मी धावण्यावर आणि पैशांवर बोलणार आहे. आजाराचा खर्च हा विषय आपण घरात दार लावून बोलतो, स्टेजवर नाही. आज बोलू या.

सुरुवात बारामतीपासून करते. लता भगवान करे हे नाव तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. मूळच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या, म्हणजे आपल्या शेजारच्याच. पोटासाठी नवरा-बायको बारामतीकडे गेले, मजुरी करून राहिले. नवरा आजारी पडला. डॉक्टरांनी एमआरआय करायला सांगितलं, खर्च पाच हजार. हातात पैसे नाहीत. २०१३ साली बारामतीत शरद मॅरेथॉन होती, ज्येष्ठांसाठी तीन किलोमीटरची शर्यत होती आणि पहिलं बक्षीस होतं पाच हजार रुपये. साठी ओलांडलेल्या लताबाई नऊवारीत, अनवाणी धावल्या आणि पहिल्या आल्या. पुढच्या वर्षीही जिंकल्या, त्याच्या पुढच्याही.

(आपल्याकडे तीन किलोमीटरलाही मॅरेथॉनच म्हणतात. खरी मॅरेथॉन ४२ किलोमीटर १९५ मीटरची, १९०८ च्या लंडन ऑलिंपिकपासून हा आकडा आला. पण ज्या बाईने आयुष्यात कधी शर्यत पाहिली नाही तिच्या तीन किलोमीटरला मी तरी कमी म्हणणार नाही.)

त्यांच्यावर मराठी चित्रपट निघाला, नवीन देशबोइना यांनी दिग्दर्शित केलेला, आणि त्यात लताबाईंचं काम स्वतः लताबाईंनीच केलं. २०२१ साली जाहीर झालेल्या ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. त्याच वर्षी कोरोनाने भगवान करे गेले.

ही गोष्ट आपल्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी पाठवतं आणि खाली नमस्काराच्या हातांची रांग लागते. जिद्द, पतीप्रेम वगैरे. ते सगळं खरं आहे. पण मी इंजिनिअर आहे, माझी नजर आकड्यावर जाते. पाच हजार. ऑपरेशन नाही, औषधं नाहीत, फक्त तपासणी. नेमकं काय झालंय हे कळण्याची किंमत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसारख्या सरकारी योजना आहेत आणि त्यांनी अनेकांना वाचवलंय. पण त्या मुख्यतः रुग्ण दाखल झाल्यावर, ठरलेल्या उपचारांसाठी लागू होतात. त्याच्या आधीची पायरी, म्हणजे बाहेरच्या तपासण्या, बहुतेक वेळा स्वतःच्या खिशातून चढावी लागते. खिसा रिकामा असेल तर माणूस त्या पायरीशीच थांबतो आणि घरी परत जातो. लताबाई परत गेल्या नाहीत एवढंच. परत गेलेल्यांवर चित्रपट निघत नाहीत.

आता माझ्याबद्दल. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये माझ्या नवऱ्याला ताप यायला लागला. डेंग्यू असेल म्हणून रक्त तपासलं आणि आठ दिवसांत निदान झालं रक्ताच्या कर्करोगाचं. (तो आज इथेच बसलाय. कुठे बसलाय ते सांगायचं नाही या अटीवर आलाय.) माझ्या चिकलठाण्याच्या कंपनीचा पाच लाखांचा विमा दुसऱ्या किमोलाच संपला. पुढे अस्थिमज्जा प्रत्यारोपण करायचं ठरलं. सख्ख्या भावंडांपैकी एकाचं पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. माझ्या नणंदेचं जुळलं. खर्चाचा अंदाज अठरा लाख.

मी त्याआधी पाच वर्षं धावत होते. विद्यापीठाच्या आवारात, सोनेरी महालाच्या रस्त्याने, रविवारी गोगाबाबा टेकडी. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची नोंदणी आजाराच्या आधीच झालेली होती. मी ती सोडून दिली होती. नवराच म्हणाला, "पैसे भरलेत ना? मग पळ. तू सकाळी घरात असलीस की मला दर तासाला ताप मोजायला लावतेस."

त्या मॅरेथॉनमध्ये सामाजिक कामासाठी निधी उभारता येतो, पण तो नोंदणीकृत संस्थांसाठी. आपल्या घरच्या माणसासाठी नाही, आणि ते बरोबरच आहे. मग मी आपल्या वर्गाच्या ग्रुपवर लिहिलं. तो मेसेज लिहायला मला चार रात्री लागल्या. बेचाळीस किलोमीटरचा सराव त्यापुढे काहीच नाही. आपण नोकरदार माणसं देणगी देताना पावती मागतो, पण मागताना आपला आवाजच फुटत नाही. लताबाईंनी कुणाकडे मागितलं नाही, त्यांनी जिंकून घेतलं. मला जिंकणं शक्य नव्हतं, माझ्यापुढे हजारो लोक धावतात. म्हणून मी लिहिलं : एक किलोमीटर, पाच हजार रुपये, ज्याला जमेल त्याने एक घ्या किंवा दोघा-चौघांत मिळून घ्या. पाच हजार हा आकडा कुठून घेतला हे तुम्हाला आता कळलं असेल.

तीन दिवसांत बेचाळीस किलोमीटर संपले. उरलेले १९५ मीटर आपल्या गणिताच्या सरांनी घेतले. त्यांनी हिशेब करून ९७५ रुपये पाठवले. सर, तो हिशेब बरोबर होता.

१९ जानेवारी २०२० ला मी धावले. प्रत्येक किलोमीटरला कोणाचं नाव आहे याची यादी मनगटावर लिहिली होती. पस्तिसाव्याच्या आसपास परतीचा पेडर रोडचा चढ येतो, तिथे भलेभले चालायला लागतात. मीही चालले. तो किलोमीटर ज्यांनी घेतला होता त्यांना अर्धे पैसे परत देते म्हटलं, त्यांनी घेतले नाहीत.

एकूण जमले २,१०,९७५ रुपये. अठरा लाखांत त्याने किती भर पडली ते तुम्हीच बघा. बाकीचे पैसे भविष्य निर्वाह निधीतून काढले, सातारा परिसरातला प्लॉट विकला, दिरांनी दिले. धावून प्रत्यारोपण होत नाही, हे मी इथे स्पष्ट सांगते, कारण आमची गोष्टही ग्रुपवर 'बायकोने धावून नवऱ्याला वाचवलं' अशी फिरायला लागली आहे.

पण त्या मेसेजने दुसरं एक काम केलं. आमच्या घरी काय चाललंय हे बेचाळीसपेक्षा जास्त घरांना कळलं. फेब्रुवारीच्या शेवटी पुण्यात प्रत्यारोपण झालं. त्यानंतर काही आठवडे शरीर स्वतःच्या प्लेटलेट तयार करत नाही, त्या बाहेरून द्याव्या लागतात. आणि प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, साठवून ठेवता येत नाहीत. म्हणजे दाता दर वेळी नवा, दर वेळी जिवंत हवा, आणि वेळेवर हवा. त्यात मार्चच्या शेवटी टाळेबंदी लागली. रक्तदान शिबिरं बंद, रस्ते बंद. तेव्हा आपल्या वर्गातले, पुण्यात राहणारे, रक्तगट जुळणारे अकरा जण एकामागून एक आले. शेवटच्या बाकावर बसणारा आपला एक मित्र हॉस्पिटलचं पत्र दाखवत, तीन ठिकाणी पोलिसांशी बोलत स्कूटरवर आला. दीड तास मशीनला हात लावून बसला आणि जाताना मला म्हणाला, "दहावीत तू मला भूमितीचा पेपर दाखवला नव्हतास, लक्षात आहे ना?" लक्षात आहे. बाई इथे बसल्यात म्हणून जास्त बोलत नाही.

त्या अकरा जणांची किंमत मी कुठल्या रकान्यात मांडू?

म्हणून माझी एक सूचना आहे आणि ती मी आज जाहीरपणे मागणी म्हणूनच ठेवते, आता मला मागता येतं. मेळाव्याचा जो पैसा शिल्लक राहील त्यातून शाळेत एक तपासणी निधी सुरू करू. मोठ्या ऑपरेशनसाठी नाही, तेवढी आपली ताकद नाही. फक्त एमआरआय, सोनोग्राफी, बायोप्सी, रक्ताच्या महाग तपासण्या. शाळेचे आजी-माजी कर्मचारी आणि शिकणाऱ्या मुलांचे आईवडील यांच्यासाठी. पैसे थेट तपासणी केंद्राला जातील, घेणाऱ्याचं नाव कुठे छापायचं नाही, फोटो काढायचा नाही, चेक देण्याचा कार्यक्रम करायचा नाही. आपल्यापैकी दोघांनी फोनवर मान्यता दिली की चोवीस तासांत पैसे गेले पाहिजेत. वर्षाला एक किलोमीटर प्रत्येकी, म्हणजे पाच हजार. ज्याला जड जाईल त्याने १९५ मीटर घ्यावेत.

चहाच्या टेबलाशेजारी एक वही ठेवली आहे. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात फोन, तिसऱ्यात रक्कम. चौथ्यात रक्तगट लिहा. तिसरा रिकामा राहिला तरी चालेल, चौथा भरल्याशिवाय कुणी भजी घ्यायला जाऊ नका.