कारवी, सातेरी आणि महाबळेश्वर : स्वागताध्यक्षांचे भाषण

सन्माननीय अध्यक्ष, दूरदूरहून आलेले कीटक-अभ्यासक, मधपाळ बंधू-भगिनी आणि महाबळेश्वरकरहो,

पाच नद्यांच्या उगमाशी आपले मनापासून स्वागत. कीटक आपले अन्न इंद्रियांच्या साहाय्याने शोधायला कसे शिकतात, हा या परिषदेचा विषय. त्यासाठी महाबळेश्वरच का, असे कोणी विचारले तर माझे उत्तर कारवी. आमच्या डोंगरउतारांवर ती साधारण सात वर्षांनी एकदम फुलते, बी धरते आणि वाळून जाते. सातेरी या आपल्या मधमाशीची कामकरी माशी मात्र काही आठवडेच जगते. म्हणजे मागचा बहर पाहिलेली एकही कामकरी माशी पुढच्या बहराला हयात नसते. पोळ्यात सांगणारे जाणते कोणी नाही, तरी कारवी फुलली की मधपेट्या भरतात. माझे म्हणणे एवढेच, की हे शिकल्याशिवाय होत नाही.

‘उपजत बुद्धी’ म्हणून यातून मोकळे होता येते, आणि तो आक्षेप पोकळ नाही. जर्मनीत रँडॉल्फ मेंझेल यांनी युरोपीय मधमाश्यांना वेगवेगळ्या रंगांवर साखरपाणी दिले, तेव्हा जांभळा रंग त्या सर्वांत लवकर शिकल्या, निळसर हिरवा सर्वांत उशिरा. कल जन्मजात आहे, आणि तो नेमका कारवीच्या जांभळ्या फुलांच्या बाजूचा आहे! पण उशिरा का होईना, निळसर हिरवाही त्या शिकल्याच. गंधाचे तर विचारू नका. माशीला एका बारीक नळीत डोके बाहेर ठेवून अडकवतात, आधी एखादा वास देतात, लगेच तिच्या शृंगिकेला साखरपाण्याचा थेंब लावतात. ती सोंड बाहेर काढून चाटते. असे एकदोनदा केले की पुढे नुसत्या वासानेच सोंड बाहेर येते. ज्या मेंदूत हे घडते तो जेमतेम एक मिलिग्रॅम वजनाचा. नळीतली करामत रानात कशाला उपयोगी, असेही कोणी म्हणेल. रानात तर ती अधिकच लागते. जांभूळ, हिरडा, गेळा, पिसा यांचे बहर पाळीपाळीने येतात, एकाचा वास दुसऱ्याला नाही. परतलेली माशी मकरंद तोंडातून तोंडात देते तेव्हा चव आणि गंध दोन्ही पोचतात, आणि बाहेर पडणाऱ्या माश्या तोच गंध हुंगत जातात. दिशा आणि अंतर नाचातून कळते. कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ साली नोबेल मिळाले ते याच उलगड्यासाठी, आणि त्यांचे शिष्य मार्टिन लिंडाउअर यांनी श्रीलंकेत जाऊन आपल्या सातेरीच्या जातीचाही नाच अभ्यासला. कारवीची आठवण पोळ्यात साठवलेली नसते. पहिली माशी ती नव्याने शिकते आणि बाकीच्यांना शिकवते.

आता गावाविषयी, इथे थोडे लांबेल, सांभाळून घ्यावे. या गावाचे दुसरे नाव माल्कम पेठ म्हटले की गव्हर्नर जॉन माल्कम आणि साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज आठवतात, आणि ते योग्यच आहे. पण या गावाला बागाईत शिकवणारे कोण? एकोणिसाव्या शतकात इथे चिनी कैद्यांचा तुरुंग होता. तो १८६४ मध्ये बंद झाला. पूर्वेकडच्या ब्रिटिश वसाहतींतून आणलेल्या या माणसांनी इथे भाजीपाल्याचे मळे फुलवले. पर्यटक चायनामन धबधब्यावर फोटो काढतात, पण ज्यांच्यावरून ते नाव पडले त्यांतल्या एकाचेही नाव कुठल्या पाटीवर नाही. आमच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हाही त्यांची आठवण कोणाला झाली नाही. परिषदेच्या विषयाशी याचा संबंध बारीक आहे, हे मला कळते. पण स्ट्रॉबेरीचे फूल सातेरीच्या वाडवडिलांनी कधी पाहिले नव्हते. आज ती त्यावर बसते. उपजत बुद्धीवाल्यांनी याचेही उत्तर द्यावे.

व्यवस्थेत उणिवा आहेत. वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पिणाऱ्या या गावात गरम पाणी सकाळी आठपर्यंतच मिळेल, याची लाज वाटते. खोल्यांत दोघांऐवजी तिघांची सोय करावी लागली, घाटात एक गाडी बंद पडल्याने काहींना रात्री जेवण उशिरा मिळाले, ध्वनिक्षेपकाने उद्घाटनातच दगा दिला. सगळे पोटात घालावे. हॉटेलमालकांनी हंगामात निम्म्या दरात खोल्या दिल्या, व्यापाऱ्यांनी धान्य, बागाईतदारांनी फळे, मधपाळांनी मध, शाळेने सभागृह आणि महिला मंडळाने पहाटे चारपासून स्वयंपाकघर सांभाळले. ज्यांनी नाव न सांगण्याच्या अटीवर पाकीट दिले त्यांचेही आभार.

उद्या सकाळी गाड्या मांघरला जातील. २०२२ मध्ये देशातले पहिले मधाचे गाव म्हणून ते जाहीर झाले. तिथे अत्तर लावून येऊ नये आणि मधपाळ सांगतील तिथेच उभे राहावे. न्याहारीला केळी ठेवली आहेत. पिकल्या केळ्याच्या वासातला एक घटक माशीच्या धोक्याच्या गंधातही असतो, म्हणून ती कृपया परतल्यावर खावीत.