वणव्यानंतरचा माळ



कळंब म्हटले की नीरा डाव्या कालव्याचे पाणी, उसाचे मळे आणि लगतचे वालचंदनगर डोळ्यांपुढे येते. कालव्याचे पाणी जेथे पोचत नाही तेथे मात्र इंदापूर आणि बारामती तालुक्यांचा मूळ चेहरा दिसतो. मुरमाड माळ, त्यावर पवन्या, डोंगरी, कुसळी ही गवते, मधूनच हिवर, बोर, तरवड. कडबनवाडीच्या अशाच माळावर चिंकारा आजही आढळतो. उन्हाळ्यात हे माळ पेटतात. विडीचे एखादे थोटूक, किंवा बांधावर पेटविलेले उसाचे पाचट त्यास पुरेसे होते.

वणवा गेल्यावर माळ मेला असे वाटते. पण गवताची आग झपाट्याने पुढे सरकते आणि तिची धग जमिनीत खोल उतरत नाही. ठोंबाच्या बुडाशी, मातीआड असलेले डोळे जिवंत राहतात. मृगाचा पाऊस पडताच त्यांतून कोंब येतात. बोर आणि तरवडही बुडख्यापासून फुटतात. कुसळीची तऱ्हा तर विलक्षण आहे. तिच्या बियांना पीळ पडलेले लांब कुसळ असते. ओल लागली की पीळ सुटतो, वाळली की पुन्हा बसतो, आणि या फिरण्याने बी गिरमिटासारखे मातीत शिरते. वणव्याच्या वेळी ते सुरक्षित असते.

ही हिरवळ पाहूनच ‘जाळले की गवत जोमाने येते’ हा समज रुजला. तो निराधार नाही, पण अपुरा आहे. राखेतील खनिजे पिकाला मिळतात हे खरे. नत्र मात्र धुराबरोबर उडून जाते आणि उघड्या उतारावरची राख व माती पहिल्याच वळवात वाहून जाते. माळ वरचेवर जळत राहिला तर पवन्यासारखी चाऱ्याची सकस गवते मागे हटतात व कुसळी पसरते. तिची कुसळे मेंढ्यांच्या लोकरीत अडकतात, कातडीत रुततात. म्हणजे ज्या मेंढपाळाच्या सोयीसाठी माळ पेटविला असे सांगितले जाते, त्याचेच नुकसान होते. चंडोल आणि पखुर्डी उन्हाळ्यात जमिनीवरच अंडी घालतात. त्यांची ती वीण जूनच्या पावसाने परत येत नाही.

राखीव वनात आग लावणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ अन्वये गुन्हा आहे. उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढणे आणि पाचट न पेटविता सरीतच कुजविणे, ही दोन कामे ग्रामपंचायतींनी अंगावर घेण्याजोगी आहेत.

वणव्यानंतरची चराई हा याहून नाजूक प्रश्न आहे. पहिली फूट मुळांतील साठ्यावर येते. तीच मेंढ्यांनी खाल्ली तर आगीतून वाचलेला ठोंब पुढे मरतो. म्हणून जळालेला माळ गवताला बी धरेपर्यंत बंद ठेवावा, आणि तेवढ्या काळापुरती कळपांना दुसरी जागा ग्रामसभेत मेंढपाळांना विचारूनच ठरवावी. शाळांनी जळालेल्या व न जळालेल्या माळावर एकेक चौरस मीटर आखून श्रावणात कोणते गवत किती उगवले ते विद्यार्थ्यांकडून मोजून घ्यावे आणि ती नोंद ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी.