दिवाळीच्या कुंडीतली रंगीत मिरची : पाहायची, आणि जमलंच तर खायची

हा भाग मी गच्चीवर बसून रेकॉर्ड केलाय. मागे मधूनमधून बुलबुल ओरडतोय, तो काही एडिट करून काढलेला नाही. त्याचा आजच्या विषयाशी संबंध आहे, पुढे येईलच.

विषय आहे शोभेची मिरची. इन्स्टावर तुम्ही नक्की पाहिली असेल. वीतभर झुडूप, आणि त्यावर जांभळ्या, पिवळ्या, केशरी, लाल मिरच्या, सगळ्या आभाळाकडे तोंड करून उभ्या. अमेरिकेत सप्टेंबर-ऑक्टोबरला दारासमोर भोपळे आणि शेवंती मांडतात, त्यात ही कुंडी हमखास असते. आपल्या वऱ्हाडात झाडांची पानं लाल होऊन गळण्याचा ऋतू नाही. पण पाऊस ओसरलाय, ऊन चटका देतंय, दसरा-दिवाळी तोंडावर आलीय, असा शरद आपल्याकडेही आहेच. झेंडूच्या जोडीला दारात जांभळी मिरची काय दिसते, ते पाहिल्याशिवाय कळणार नाही.

मी पहिल्यांदा कुंडी घरी आणली तेव्हा आजी म्हणाली, "हे मिर्ची खायाची नाई, तं मंग लावली काऊन वं?" प्रश्न रास्त होता. ठेच्याशिवाय ज्या घरात पान वाढत नाहीत, तिथे मिरची फक्त बघायला ठेवायची म्हणजे जरा अतीच. पण खरं सांगू का, ही काही वेगळी जात-जमात नाही. शास्त्रीय नाव तेच, कॅप्सिकम ॲनम. तुमची लवंगी, भिवापुरी आणि भज्याची जाड मिरची, सगळ्या हिच्या सख्ख्या बहिणी. फक्त हिला निवडताना लोकांनी तिखटपणा आणि उत्पन्न पाहिलं नाही, रंग पाहिला. आणि आजी ज्या मिरचीवर एवढा हक्क सांगते, ती तरी आपली कुठे होती? सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती आपल्या किनाऱ्यावर आली. त्याआधी आपल्याकडे तिखट म्हणजे मिरी. हे मी आजीला सांगितलं. तिने विश्वास ठेवलेला नाही.

आता माझ्या चुका. तीन वर्षांत तीन केल्या.

पहिल्या वर्षी बी ऑनलाइन मागवलं. पाकिटावर लिहिलं होतं, वसंतात पेरा. मी फेब्रुवारीत पेरलं. रोपं छान आली, एप्रिलमध्ये फुलं लागली, आणि रोज सकाळी कुंडीखाली फुलांचा सडा. एक फळ धरेना. पाकिटातला वसंत थंड देशातला होता, आणि आपला एप्रिल अकोल्याचा. पारा पस्तिशीच्या वर गेला की मिरचीचे परागकण नीट काम करत नाहीत आणि फूल गळतं. इथे तर मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. माझ्या गच्चीच्या स्लॅबवर किती होत असेल, मोजायची हिंमत झाली नाही.

म्हणून 2024 ला मी शेतकऱ्यांचं पाहिलं. आपल्याकडे खरिपाच्या मिरचीची रोपं मे-जूनमध्ये टाकतात आणि पाऊस स्थिरावला की लावतात. मी दिवाळीपासून उलटं मोजलं आणि 5 जुलैला बी टाकलं. त्या वर्षी लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला होतं, म्हणजे 119 दिवस मिळाले. झाडं मस्त भरली, पण दिवाळीला बघते तर जवळपास सगळ्या लाल! शेंड्याकडे दोन-चार जांभळ्या, बाकी लालच लाल. आजी खूश. "आता कशी मिर्चीसारकी मिर्ची दिसते."

2025 ला पुन्हा 5 जुलै. पण दिवाळी लवकर आली, लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला. दिवस मिळाले 108. मी वैतागले, म्हटलं यंदा कच्चीच राहणार. आणि झालं उलटं. प्रत्येक झाडावर खाली केशरी, मध्ये पिवळ्या, वर जांभळ्या, आणि एखाददुसरी लाल. फराळाला आलेला प्रत्येक माणूस आधी कुंडीपाशी थांबला.

तेव्हा डोक्यात ट्यूब पेटली. एका झाडावर चार रंग दिसतात म्हणजे झाड चार रंगांचं नसतं. मिरच्या वेगवेगळ्या वयाच्या असतात, एवढंच. न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठात तयार झालेलं 'न्यूमेक्स ट्वायलाइट' नावाचं वाण आहे. त्याची प्रत्येक मिरची पांढुरक्या रंगापासून सुरू होते, मग जांभळी, पिवळी, केशरी आणि शेवटी लाल. जांभळा रंग वांग्यात आणि जांभळात असतो त्याच गटातला, अँथोसायनिन. पिकताना तो विरतो आणि गाजर-टोमॅटोत असतात त्या कुळातले रंग वर येतात. म्हणजे आपल्याला पिकलेलं झाड नकोय, पिकत असलेलं हवंय. दिवाळीच्या आधी साधारण 105 ते 110 दिवस बी टाका. दिवाळी दर वर्षी सरकते, म्हणून पेरणीची तारीख पाठ करू नका, फोनचं कॅलेंडर उघडा आणि मागे मोजा.

(इथे आईने चहा आणला. तो भाग कापलाय.)

बी रुजायला आठ ते बारा दिवस. ट्रे पावसात उघडा ठेवू नका, नाहीतर रोपं बुडाशी मऊ पडून आडवी होतात. पाच-सहा पानं आली, साधारण पस्तीस-चाळीस दिवसांचं रोप झालं, की आठ इंची कुंडीत एकच लावा. वीतभर झाल्यावर शेंडा खुडा. जीव वर येतो, पण खुडा. त्याने फांद्या फुटतात आणि झाड झुपकेदार होतं. युरिया मात्र टाकू नका, नुसती पानं माजतात.

मातीबद्दल जरा थांबून बोलू. आपली काळी माती कपाशीला सोनं, पण कुंडीत ती एकटी नको. भिजली की चिखल, वाळली की कुंडीच्या कडेपासून सुटते आणि पाणी भेगेतून सरळ खाली. मी एक भाग काळी माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट आणि मूठभर जाड रेती घेते. तेलाचा जुना डबा चालतो, बुडाला भोकं पाडली की झालं.

आणि पाणी. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाण्यात जो खारपाणपट्टा आहे, तिथल्या मित्रमंडळींसाठी हे खास. बोअरचं खारं पाणी रोज घातलं तर कुंडीच्या काठावर पांढरी पपडी चढते आणि पानांच्या कडा जळतात. लोक समजतात खत कमी पडलं, आणि आणखी खत घालतात. त्यातही क्षारच! जुलै-ऑगस्टमध्ये पत्र्याखाली ड्रम लावून पावसाचं पाणी धरा. आमच्याकडे नळ रोज येत नाही, त्यामुळे ड्रम घरात होताच, फक्त एक मिरचीच्या नावावर करावा लागला.

आता खरा शत्रू, कोकडा. पानं आकसतात, झाड खुरटतं. गेल्या वर्षी माझ्या नऊ कुंड्यांतल्या तीन त्यात गेल्या. आधी पान कुठे वळलंय ते पाहा. कडा वरच्या बाजूला, होडीसारख्या वळल्या असतील तर बहुतेक फुलकिडे. खाली वळल्या असतील तर कोळी. पांढऱ्या माशीने विषाणू आणला असेल तर काही उपाय नाही, झाड उपटा आणि पिशवीत बांधून टाका. मी एक झाड लाडाने ठेवलं, "सुधारेल" म्हणत. शेजारच्या दोन कुंड्या त्यानेच गेल्या. या किडी कपाशीवरही असतात, आणि आपल्या गावांच्या चारी बाजूंना कपाशीच आहे, त्यामुळे तिसऱ्या मजल्यावर आहोत म्हणून बिनधास्त राहू नका. सुरुवातीपासून आठवड्याला एकदा निंबोळी अर्क मारा. पन्नास ग्रॅम निंबोळीची भुकटी फडक्यात बांधून एक लिटर पाण्यात रात्रभर ठेवायची, सकाळी पिळून गाळायची, फवारा संध्याकाळी. पानांची खालची बाजू ओली झाली पाहिजे, तिथेच ते बसतात.

बुलबुलचं राहिलं. ऑक्टोबरमध्ये तो रोज येऊन माझ्या लाल मिरच्या गिळतो. मिरचीतलं कॅप्सायसिन आपल्या तोंडातल्या ज्या ग्राहकाला पेटवतं, तो पक्ष्यांमध्ये त्याला दाद देत नाही. हा ग्राहक शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल मिळालं. रानमिरचीसुद्धा अशीच, छोटी आणि वर तोंड करून उभी. पक्ष्याला दिसावी, त्याने बी लांब नेऊन टाकावं, आणि दाढांनी बी चावून टाकणाऱ्या प्राण्यांनी लांब राहावं. आपण जिला सजावट म्हणतो, ते मुळात बुलबुलला दिलेलं आमंत्रण आहे.

लहान पोरांना मात्र हे आमंत्रण नाही, आणि ती तर रंगाकडेच धावतात. शोभेच्या बहुतेक मिरच्या चांगल्याच तिखट असतात. 'चिली चिली' नावाचं बिनतिखट वाण आहे, पण मिक्स पाकिटात काय निघेल सांगता येत नाही. भाऊबिजेला माझ्या दोन वर्षांच्या भाचीने एक पिवळी तोडली, चावली, आणि तोच हात डोळ्याला. पाणी पाजून उपयोग होईना, कारण कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही. शेवटी दही चाटवलं, डोळे बराच वेळ धुतले, तेव्हा ती शांत झाली. सगळं घर माझ्याकडे बघत होतं. आता कुंड्या रांगोळीपाशी नाहीत, कंबरेच्या उंचीच्या कठड्यावर असतात.

नर्सरीतून तयार झाड आणलं असेल तर त्याच्या मिरच्या खाऊ नका, त्यावर काय फवारलंय ते आपल्याला माहीत नसतं. आणि गोल गुळगुळीत केशरी फळांचं, मिरचीच्याच घराण्यातलं एक झाड विकायला असतं, 'जेरुसलेम चेरी'. ते विषारी आहे. विकणाऱ्याला नाव विचारूनच घ्या.

घरी बियांपासून वाढवलेल्या मिरच्या मात्र खुशाल खा. दिवाळीनंतर सगळ्या लाल झाल्या की मी बी धरते. शेजारी लवंगी फुलली असेल तर मधमाश्या पराग मिसळतात आणि पुढच्या वर्षी भलतंच काहीतरी उगवतं, म्हणून फुलं येतानाच एका फांदीला जाळीची पिशवी बांधते. गेल्या नोव्हेंबरमध्ये बी काढून उरलेली सालं मी टाकायला निघाले, तर आजीने वाटी हातातून घेतली, लसूण आणि मीठ घालून तव्यावर परतून ठेचली. एक घास खाल्ला, डोळ्यांतून पाणी आलं.

"यंदा चार कुंड्या जास्त लाव," म्हणाली.