लिंबाचे पेय आणि गावाचे नाव

(इगतपुरी येथे शेतकऱ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी भात आणि नागलीवर बोलणार होतो. परंतु सभा सुरू होण्यापूर्वी येथील काही तरुणांनी मला गाठले आणि एक कल्पना मांडली. जपानमध्ये एका लोकनृत्याच्या नावाने लिंबूवर्गीय फळाचे एनर्जी ड्रिंक विकले जाते. तसेच आपणही डब्यावर बोहाड्याच्या सोंगाचे चित्र छापून लिंबाचे एनर्जी ड्रिंक काढावे आणि डबे भरण्याच्या यंत्रासाठी कर्ज घ्यावे, असा त्यांचा विचार आहे. उत्साह चांगला आहे. पण कर्जाच्या कागदावर सही घरातल्या वडीलधाऱ्यांची होणार आणि तारण जमीन राहणार. म्हणून आज याच प्रश्नावर बोलू.

प्रथम जपानमध्ये काय झाले ते पाहू. जपानच्या शिकोकू बेटावर तोकुशिमा आणि कोची असे दोन शेजारी प्रांत आहेत. (हे कोची केरळातले नव्हे.) तोकुशिमात दर ऑगस्टमध्ये आवा ओदोरी हा नाच रस्त्यारस्त्यांतून होतो. त्याला सुमारे चारशे वर्षांची परंपरा सांगतात. त्याच प्रांतात सुदाची नावाचे लहान, हिरवे, आपल्या कागदी लिंबासारखे फळ होते. जपानमधील जवळजवळ सर्व सुदाची या एकाच प्रांतात पिकते. फळही तिथलेच आणि नाचही तिथलाच, म्हणून पेयावर दोन्ही शोभतात.

शेजारच्या कोचीत योसाकोई नावाचा नाच आहे. तो 1954 मध्ये, युद्धानंतर मंदावलेल्या व्यापाराला चालना मिळावी म्हणून सुरू झाला. नाचणाऱ्यांच्या हातात नारुको नावाची लाकडी टाळी असते. ही टाळी मुळात भातशेतीतली पाखरे हाकण्यासाठी होती. आपण माळ्यावर उभे राहून गोफण फिरवतो, डबा वाजवतो, त्यातलाच हा प्रकार. शेतातले साधन नाचात गेले आणि आता प्रांताची ओळख झाले.

याच कोचीत डोंगरात एक गाव आहे. नाव ऐकून ते आपलेच वाटेल: उमाजी. गावाचे नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्र जंगल आहे आणि लोकवस्ती हजाराच्या आत. तिथे युझू नावाचे आंबट, सुवासिक फळ होते. सालीवर डाग असल्याने ते ताजे विकले जात नसे. तेव्हा गावच्या शेतकरी सहकारी संस्थेने रस काढायचे ठरवले. 1988 मध्ये संस्थेने लहान काचेच्या बाटलीतले पेय बाजारात आणले. त्यात फक्त युझूचा रस, मध आणि पाणी. नावही साधे: ‘गोक्कुन उमाजी-मुरा’. मुरा म्हणजे गाव आणि गोक्कुन म्हणजे घोट घेतानाचा आवाज, आपण गटागट म्हणतो तसा. हे पेय आजही त्या गावाची ओळख आहे. लक्षात घ्या, त्यांनी आधी न खपणाऱ्या फळाचा प्रश्न सोडवला. बाटली आणि नाव नंतर आले.

आपल्याकडेही असे उदाहरण आहे. नागपूरच्या संत्रा उत्पादकांच्या संघाच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरांवरून ‘नोगा’ हे नाव आले. पुढे 1972 मध्ये तो उद्योग महाराष्ट्र कृषी उद्योग विकास महामंडळाकडे आला. संत्र्याचे स्क्वॅश घरोघर पोहोचले ते पिकाच्या आणि गावाच्या नावावरच.

आता एनर्जी ड्रिंक म्हणजे काय ते पाहू. त्यात मुख्यतः साखर, कॅफीन आणि काही जीवनसत्त्वे असतात. भारतीय अन्नसुरक्षा नियमांनुसार कॅफीनयुक्त पेयात लिटरला 145 ते 300 मिलिग्रॅम कॅफीन असावे लागते. मुले, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया आणि कॅफीन न सोसणाऱ्या व्यक्ती यांनी ते घेऊ नये, अशी सूचना डब्यावर छापावी लागते. कॅफीनने झोप उडते, तरतरी वाटते. पण घामावाटे गेलेले पाणी आणि मीठ भरून निघत नाही. आवणीच्या चिखलात दिवसभर वाकणाऱ्या बाईला डबाभर कॅफीनपेक्षा मीठ-साखर घातलेले लिंबाचे सरबत अधिक उपयोगी आहे. शिवाय कॅफीन आणि साखर कोणताही कारखाना विकत आणू शकतो. त्यात इगतपुरीचे काय? मोठ्या कंपन्यांशी जाहिरातीत आपण टिकणार नाही.

मग लिंबू तरी आपले आहे का? खरे सांगायचे तर आपला तालुका लिंबाचा नाही. घाटमाथ्यावरचा मुसळधार पाऊस लिंबाला मानवत नाही. मुळाशी पाणी साचले की डिंक्या आणि मूळकूज येते, ओल्या हवेत खैऱ्या रोग वाढतो. म्हणून भाताची खाचरे मोडून लिंबू लावू नका. उताराच्या, निचऱ्याच्या वरकस जमिनीत 6 × 6 मीटर अंतरावर थोडी झाडे लावून पाहण्यास हरकत नाही. त्यासाठी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची साई सरबती ही जात घ्यावी.

आपली सोय दुसरीकडे आहे. आंबे बहाराचे लिंबू पावसाळ्यात बाजारात येते आणि भाव पडतात. श्रीगोंद्यासारख्या भागातला शेतकरी तेव्हा हताश होतो. हेच लिंबू एप्रिल-मेमध्ये महाग असते. पावसाळ्यात स्वस्त लिंबू घेऊन टिकाऊ स्क्वॅश करावे आणि उन्हाळ्यात विकावे. मुंबई-आग्रा महामार्ग आणि रेल्वे स्थानक दाराशी आहे. गिऱ्हाईक शोधत लांब जावे लागत नाही.

बचत गटाला जमेल अशी कृती सांगतो:

1. पिवळसर, रसदार, न सडलेली कागदी लिंबे स्वच्छ धुवावीत. एक लिटर रसाला साधारण 50 ते 60 फळे लागतात.

2. रस काढताना साल फार दाबू नये, नाहीतर सालीतील तेल उतरून कडवटपणा येतो. भांडी स्टीलची वापरावीत, तांब्या-लोखंडाची नकोत.

3. दीड किलो साखर दीड लिटर पाण्यात उकळून पाक गाळावा आणि पूर्ण थंड करावा. नंतरच त्यात एक लिटर गाळलेला रस मिसळावा. रस उकळू नये, स्वाद जातो.

4. सुमारे चार किलो मिश्रणाला पोटॅशियम मेटाबायसल्फाइट 2 ग्रॅम, थोड्या पाण्यात विरघळवून घालावे. अंदाजाने चिमटीने घालू नये, काट्यावर मोजावे.

5. उकळत्या पाण्यातून काढलेल्या, कोरड्या बाटल्यांत भरून थंड व अंधाऱ्या जागी ठेवावे.

एक भाग स्क्वॅशला तीन भाग पाणी घातले की या एका घाण्यातून 200 मिलिलिटरचे 65 च्या आसपास ग्लास होतात. नियमाप्रमाणे स्क्वॅशमध्ये 25 टक्के रस आणि 40 टक्के एकूण विद्राव्य घटक हवेत.  विक्रीपूर्वी अन्नसुरक्षा नोंदणी करावी आणि लेबलवर घटक, परिरक्षक, तारीख हे सर्व छापावे. पहिल्या हंगामात यंत्र नको, कर्ज नको. शंभर बाटल्या करा, विका आणि खर्चाची वही ठेवा. वही नफा दाखवील तेव्हा यंत्राचे बोलू.

शेवटी सोंगाच्या चित्राविषयी. चैत्र-वैशाखात आपल्या पश्चिम पट्ट्यात बोहाडा होतो, संबळ वाजते, देवांची सोंगे निघतात. ती नुसती करमणूक नाही. सोंगाचा मान असतो, त्यामागे नवस आणि श्रद्धा असते. नारुको हे शेतातले साधन होते, ते डब्यावर छापले तर कोणाचे काही बिघडत नाही. देवाचा मुखवटा रिकाम्या डब्याबरोबर गटारात पडला तर म्हाताऱ्या माणसांना काय वाटेल? तेव्हा गावकीत विचारल्याशिवाय सोंगाला हात लावू नका. बोहाड्याच्या रात्री मात्र तुमच्या सरबताचा गाडा खुशाल लावा. रात्रभर नाचणाऱ्याला आणि पाहणाऱ्याला तहान लागतेच. बाटलीवर इगतपुरीचे नाव आणि गटाचे नाव पुरे आहे. चव चांगली राहिली तर तेच नाव लोक मागून घेतील.

तरुण मित्रांनो, तुमची कल्पना मी खोडून काढत नाही, तिची सुरुवात बदलायला सांगतो. उमाजीच्या शेतकऱ्यांनी फळापासून सुरुवात केली, आपणही तिथूनच करू. स्क्वॅश करताना काही अडले तर येथील विभागीय कृषी संशोधन केंद्रात या.